घटना, नोंद आणि पटकथा : परभणी जिल्ह्याच्या निमित्ताने कथाबीजांचा आढावा

चित्रपट किंवा मालिका चित्रित होण्यापूर्वी तिची दृश्यांच्या क्रमाने केलेली लेखी मांडणी म्हणजे पटकथा, आणि ज्या मूळ कल्पनेतून ही मांडणी वाढत जाते तिला कथाबीज म्हणतात. हे कथाबीज लेखकाला कोठे सापडते, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात : लेखकाची कल्पनाशक्ती आणि आजूबाजूचे जीवन. दोन्ही उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत, कारण जीवन जसेच्या तसे कोणत्याही लेखकाच्या हाती येत नाही. ते बातमी, अभंग, कादंबरी, न्यायनिवाडा, आत्मचरित्र किंवा घरात ऐकलेली हकीकत अशा कोणत्या तरी नोंदीच्या रूपाने येते, आणि ती नोंद कोणी, कोणासाठी व कोणत्या जागेवरून केली यावर पुढच्या पटकथेचा बराचसा घाट अवलंबून असतो. मराठवाड्यातील परभणी जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मुंबई, पुणे आणि कोल्हापूर या चित्रनिर्मितीच्या केंद्रांपासून तो दूर आहे, तरीही संतचरित्रापासून गुन्हेकथेपर्यंत निरनिराळ्या प्रकारच्या पटकथांना त्याने विषय पुरवले आहेत; आणि ज्यांना पटकथेने अजून पुरेसा हात लावलेला नाही अशा विषयांचा साठाही येथे मोठा आहे.

मराठी पटकथेचे जुने उगम सर्वपरिचित आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यात पुरेल. दादासाहेब फाळके यांना चित्रपटाची ओढ लागली ती ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून, आणि ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची कथा त्यांनी पुराणातून घेतली, म्हणजे प्रेरणा परदेशी पडद्यावरून आणि कथाबीज घरच्या परंपरेतून, असा दुहेरी उगम पहिल्याच चित्रपटाला होता. पुढे नारायण हरी आपटे यांच्या कथा-कादंबऱ्यांवरून बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) आणि प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) हे चित्रपट निघाले, साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट केला, आणि रंगभूमीवरील यशस्वी नाटके पडद्यावर आणण्याची वाट तर ‘नटसम्राट’ व ‘कट्यार काळजात घुसली’ यांच्यापर्यंत अखंड चालू राहिली. परक्या चित्रपटांचे ऋणही मराठीने उघडपणे घेतले आहे. ‘पिंजरा’च्या (१९७२) मुळाशी ‘द ब्ल्यू एंजल’ हा १९३० सालचा जर्मन चित्रपट आहे, आणि तरीही तमाशाच्या फडात आल्यावर ती गोष्ट इतकी मराठी झाली की तिचे परकेपण प्रेक्षकाला जाणवले नाही.

या उगमांपैकी साहित्यकृतीवरून पटकथा करण्याला रूपांतर म्हणतात, आणि रूपांतर हे केवळ संक्षेपाचे काम आहे, हा समज दूर करणे आवश्यक आहे. विजय तेंडुलकर यांनी ‘सिंहासन’साठी (१९७९) अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफल्या, तर ‘अर्धसत्य’साठी (१९८३) श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या एका कथेतून पूर्ण लांबीचा चित्रपट वाढवला. संजय कृष्णाजी पाटील यांच्या ‘जोगवा’च्या (२००९) पटकथेत राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा अशा तीन कृतींचे द्रव्य आहे. याच पटकथाकाराने बाबा भांड यांच्या कादंबरीवरून ‘दशक्रिया’ची पटकथा रचली, तिला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तिच्यामुळे पैठणच्या गोदाकाठी मृत्यूनंतरच्या विधींवर चालणारे अर्थकारण व त्या घाटावर पोट भरणारे मूल पडद्यावर आले. हीच गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यातून वाहते आणि तिच्या काठावरील गंगाखेडला लोक दक्षिणकाशी म्हणतात; म्हणजे नदी एकच, घाटही तशाच प्रकारचे, पण एका घाटाला कादंबरीकार भेटला म्हणून त्याचा चित्रपट झाला. कथाबीजाच्या चर्चेत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण विषय कितीही समृद्ध असला तरी त्याची नोंद करणारे कोणी नसेल तर पटकथाकाराची पावले तिकडे सहसा वळत नाहीत.

गंगाखेडची ओळख मात्र घाटापेक्षा जनाबाईंमुळे अधिक आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातील या संत कवयित्रीचे हे गाव. लहानपणी त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिल्या आणि तेथेच त्यांची अभंगरचना झाली. प्रभात फिल्म कंपनीने १९४९ साली ‘संत जनाबाई’ हा चित्रपट काढला आणि त्यात जनाबाईंची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. संतचरित्रावरील पटकथेला साधारणतः दोन प्रकारच्या नोंदी उपलब्ध असतात : एक संताची स्वतःची रचना आणि दुसरी महिपतींसारख्या चरित्रकारांनी अठराव्या शतकात गुंफलेल्या कथा, ज्यांत चमत्कारांना मोठे स्थान असते. चित्रपट स्वाभाविकपणे दुसऱ्या नोंदीकडे झुकतो, कारण चमत्कार दाखवणे हे कॅमेऱ्याचे आवडते काम आहे आणि प्रेक्षकही ती कथा ओळखत असतो. परंतु जनाबाईंच्या बाबतीत पहिली नोंद अधिक दृश्यमय आहे. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या, धुणे अशी दासीच्या वाट्याची कामे त्यांच्या अभंगांत थेट येतात आणि विठ्ठल त्या कामांना हात लावतो. म्हणजे भक्ती येथे श्रमाच्या कृतीतून व्यक्त होते, आणि पात्राच्या मनातील भाव कृतीतून दाखवणे हीच तर पटकथेची मूलभूत गरज आहे. देव जात्याशी बसतो याचे चित्रण चमत्कार म्हणून करता येते, तसेच एका निराधार मुलीने रात्रीच्या एकाकी कष्टात स्वतःसाठी निर्माण केलेल्या सोबतीचे चित्रण म्हणूनही करता येते, आणि दुसरी शक्यता मराठी पडद्यावर अजून पुरती अजमावली गेलेली नाही.

या चित्रपटाशी जोडलेली आणखी एक साखळी नोंदवण्यासारखी आहे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र अरुण साधू यांच्या शब्दांकनातून सिद्ध झाले आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) केला. बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांनी लिहिलेल्या त्याच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर संत झालेल्या स्त्रीचे पडद्याबाहेरचे आयुष्य पुन्हा पटकथेचा विषय झाले, आणि ते होऊ शकले याचे कारण तिने आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने, काहीही न लपवता सांगून ठेवली होती.

या जिल्ह्याशी जोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या संताची गोष्ट वेगळी आहे. शिर्डीच्या साईबाबांचा जन्म परभणी जिल्ह्यातील पाथरीचा, असे मानणारा एक पक्ष आहे. वि. बा. खेर यांनी पाथरीच्या भुसारी घराण्याचा शोध घेऊन या मताला अभ्यासाची जोड दिली, आणि जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासनिधीच्या घोषणेवरून शिर्डीकरांनी बंद पाळला इतका हा प्रश्न जिव्हाळ्याचा ठरला. कुमारसेन समर्थ यांच्या १९५५ सालच्या मराठी चित्रपटापासून साईबाबांवर अनेक चित्रपट निघाले, परंतु पडद्यावरच्या साईकथेचा गाभा शिर्डीतच राहिला, कारण ‘श्रीसाईसच्चरित’ या आधारग्रंथाचा गाभाही तोच आहे. आधारग्रंथ जेथे मौन पाळतो तेथे पटकथाही बहुधा मौनच पाळते.

परभणी जिल्ह्याने पडद्याला दिलेला सर्वांत प्रखर विषय मात्र मानवतचा आहे. मानवत हे कापसाच्या व्यापाराचे गाव. तेथे नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले, आणि त्यांच्यामागे गुप्तधनाची हाव, अपत्याची इच्छा व नरबळीवरचा विश्वास असल्याचे तपासातून पुढे आले. हा काळ १९७२ च्या भीषण दुष्काळाचा होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला, पुढे उच्च न्यायालयात गेला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. माफीचा साक्षीदार, म्हणजे गुन्ह्यात स्वतः सहभागी असूनही क्षमेच्या अटीवर सरकारतर्फे साक्ष देणारा माणूस, त्याच्या साक्षीवर किती विसंबावे आणि दंडाधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब कसा नोंदवला जावा, या प्रश्नांवर हा निकाल आजही आधार म्हणून दाखवला जातो.

या एकाच घटनामालिकेतून दोन भिन्न कृती निर्माण झाल्या, त्यांच्यात ४३ वर्षांचे अंतर आहे, आणि त्यांची तुलना केली म्हणजे कथाबीज व नोंद यांतील नाते स्पष्ट होते. पहिली कृती म्हणजे अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘आक्रीत’ (१९८१), ज्याची पटकथा तेंडुलकरांची होती. तेंडुलकर हे दीर्घकाळ पत्रकार होते आणि बातमीकडे कथाबीज म्हणून पाहण्याची त्यांची सवय त्यांच्या अनेक नाटकांतून व पटकथांतून दिसते. मानवतचे प्रकरण घडत होते त्याच सुमारास नेहरू अभ्यासवृत्तीच्या निमित्ताने ते समाजात वाढत चाललेल्या हिंसेचा अभ्यास करत होते. म्हणजे ही बातमी ज्या मनाला भेटली त्या मनात हिंसेबद्दलचा प्रश्न आधीपासून तयार होता. प्रेरणेचे खरे स्वरूप येथे उलगडते : बातमी त्या दिवशी हजारो लोकांनी वाचलेली असते, पण तिचे कथाबीज त्याच्याच हाती लागते ज्याच्याजवळ तिच्याशी जुळणारा प्रश्न असतो. ‘आक्रीत’मध्ये नावे बदललेली आहेत आणि कथा संशयिताच्या घरात शिरते, प्रतिष्ठा मिळवू पाहणारा पुरुष, त्याच्यासोबत राहणारी स्त्री, पैसा, सत्ता आणि अंधश्रद्धा यांची त्या घरात पडलेली गाठ हा तिचा विषय आहे, आणि खुनी कोण या प्रश्नापेक्षा असे खून पचवणारा समाज कसा असतो हा प्रश्न तिला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरी कृती ‘मानवत मर्डर्स’ ही ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आलेली वेब मालिका होय. आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचा आधार रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचे ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ हे पुस्तक आहे. मुंबईच्या गुन्हे शाखेत काम केलेले आणि १९६८ सालच्या रामन राघव प्रकरणामुळे नावाजलेले हे पोलीस अधिकारी मानवतच्या तपासासाठी परभणी जिल्ह्यात गेले होते. आधार बदलल्याबरोबर कथेचा केंद्रबिंदू बदलला. आता प्रेक्षक बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याबरोबर गावात प्रवेश करतो, गावाचे मौन त्याच्या नजरेने पाहतो आणि शोध हाच कथेचा कणा होतो. तपासकथेचे बळ या रचनेत आहे, कारण प्रेक्षकाला पुढे काय घडणार याची ओढ लागते आणि अधिकाऱ्याच्या चिकाटीबद्दल आदरही वाटतो. मात्र या रचनेत गाव हे मुळातच एक कोडे ठरते, आणि ज्या घरांतल्या मुली गेल्या त्या घरांचे पुढचे आयुष्य कोड्याच्या उत्तरात सामावत नाही.

दक्षिण कोरियाच्या बाँग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) हा चित्रपट या संदर्भात उपयोगी पडतो. ह्वासाँग या ग्रामीण भागात १९८६ पासून झालेल्या स्त्रियांच्या खुनांवर तो आधारलेला आहे, त्याचा थेट आधार एक नाटक होते, आणि चित्रपट निघाला तेव्हा गुन्हेगार सापडलेलाही नव्हता. तपासाची कथा सांगता सांगता त्या चित्रपटाने लष्करी राजवटीतले पोलीस, त्यांची मारहाण आणि भीतीने दबलेला प्रदेश उभा केला; तपासकथा ही समाजकथा होऊ शकते याचा तो उत्तम दाखला आहे. मानवतच्या बाबतीत दुष्काळ, नगरपालिकेतील सत्ता, कापसाच्या व्यापारातील पैसा आणि पारधी समाजाकडे पाहण्याची पूर्वग्रहदूषित नजर हे सारे पुरावे, साक्षी व निकालपत्रे यांच्या कागदांत विखुरलेले आहे. पारधी समाजाचा मुद्दा विशेष जबाबदारीचा आहे. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी शिक्का लोकांच्या मनातून गेला नाही. अशा स्थितीत एका खटल्यावरून पटकथा लिहिताना व्यक्तीचा गुन्हा समाजाच्या माथी मारला जाणार नाही याची काळजी लेखकाने घेतलीच पाहिजे, कारण पडदा जे एकदा दाखवतो ते पुसून काढणे निकालपत्रालाही जमत नाही.

आता ज्या उगमांकडे पटकथेने पुरेसे पाहिलेले नाही त्यांकडे वळले पाहिजे, आणि त्यांत बी. रघुनाथ यांचे नाव पहिले येते. भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३–१९५३) हे परभणी जिल्ह्यातील सातोन्याचे. निजाम राजवटीत त्यांनी परभणीस सरकारी नोकरी केली आणि जेमतेम चाळीस वर्षांच्या आयुष्यात कविता, कथा व कादंबरी या तिन्ही प्रकारांत मोलाचे लेखन केले. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते संस्थान भारतात विलीन होईपर्यंत येथील मराठी माणूस उर्दू राज्यकारभार, जहागिरी, रझाकारांची दहशत आणि मुक्तिलढा यांच्यामध्ये जगत होता. याच संस्थानाच्या तेलंगण भागातील सरंजामशाहीवर ‘अंकुर’ (१९७४), तेंडुलकरांची पटकथा असलेला ‘निशांत’ (१९७५) आणि ‘मा भूमी’ (१९७९) हे महत्त्वाचे चित्रपट निघाले. मराठवाड्याच्या बाजूने त्या तोडीचा पट पडद्यावर उभा राहिला नाही, हे दुःखाने नोंदवावे लागते. वास्तविक बी. रघुनाथ यांच्या ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबरीत त्या काळाची नोंद आतून, त्या गावातल्या माणसाच्या डोळ्यांनी झालेली आहे. मुक्तिलढ्यावरचा चित्रपट म्हटला की अत्याचार आणि प्रतिकार यांचीच दृश्ये डोळ्यांसमोर येतात, बी. रघुनाथ यांच्या लेखनात मात्र कारकून, कुळे, मोडत चाललेली घराणी, हिंदू-मुसलमान शेजार आणि त्या शेजारात हळूहळू शिरणारा संशय असा रोजच्या जगण्याचा थर आहे, आणि दीर्घ मालिकेला असाच थर लागतो. मराठी पटकथेच्या चर्चेत या लेखकाचा उल्लेख क्वचितच व्हावा, ही उणीव गंभीर आहे.

समकालीन लेखकांपैकी आसाराम लोमटे यांचे उदाहरण तितकेच बोलके आहे. परभणीत पत्रकारिता करणाऱ्या या कथाकाराच्या ‘आलोक’ या संग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातील सत्तेचे डाव, जातीचे ताण, शेतीतील कोंडी आणि त्यांत उभी राहणारी सामान्य माणसे यांवर त्यांच्या कथा रचलेल्या आहेत. येथे तेंडुलकरांच्या बाबतीत दिसलेली गोष्ट पुन्हा दिसते, ती म्हणजे बातमी आणि कथा एकाच माणसाच्या हातून लिहिली जाणे; फरक इतकाच की हा माणूस त्याच जिल्ह्यात राहतो. शेतकऱ्याच्या आयुष्यावर मराठीत ‘टिंग्या’ (२००८) आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) असे मनापासून केलेले चित्रपट झाले, परंतु ग्रामीण चित्रपट म्हणजे दुष्काळ व आत्महत्या हे समीकरण त्यानंतर इतके घट्ट झाले की गावातील इतर नाट्य झाकोळले गेले. परभणी जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आहे, पूर्णेला रेल्वेचे जंक्शन आहे, आणि त्याच वेळी ऊसतोडीला बाहेर जाणारी कुटुंबेही आहेत. कालव्याचे पाणी कोणाच्या शेतापर्यंत पोहोचते आणि कोणाच्या अलीकडे थांबते, एवढ्या एका प्रश्नात पटकथेला पुरेल इतका संघर्ष भरलेला आहे.

शेवटचा उगम मौखिक परंपरेचा आहे. गोंधळ हा कुलदैवताच्या कुळाचारातील विधी असून त्यात संबळ-तुणतुण्याच्या साथीने आख्यान, म्हणजे गद्य निवेदन, गायन व अभिनय यांनी सांगितलेली दीर्घ कथा, रात्रभर रंगवली जाते. परभणीचे गोंधळी राजाराम कदम यांचे नाव या परंपरेत आदराने घेतले जाते. द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीच्या ओढीची कथा सांगणारे ‘जांभूळआख्यान’ विठ्ठल उमप यांनी रंगभूमीवर गाजवले, तेव्हा लोकपरंपरेने महाभारताला विचारलेला प्रश्न किती धाडसी आहे हे शहरी प्रेक्षकाला कळले. पटकथाकाराने या आख्यानांकडे केवळ गाण्यासाठी किंवा वातावरणनिर्मितीसाठी पाहणे पुरेसे नाही. एकच माणूस निवेदक, स्त्री, पुरुष आणि देव अशा भूमिका क्षणात कसा पालटतो, कथा कोठे थांबवतो आणि ऐकणाऱ्याला पुन्हा कोठे उचलून घेतो, हे रचनेचे शिक्षण त्यांत आहे.

वरील सर्व उदाहरणे एकत्र ठेवली असता परभणी जिल्ह्याने पडद्याला घटना आणि व्यक्ती दिल्या, परंतु त्यांच्याकडे पाहण्याची जागा बहुतेक वेळा बाहेरची राहिली, हा निष्कर्ष टाळता येत नाही. बाहेरून आलेला लेखक चांगले लिहू शकतो, हे ‘आक्रीत’ने सिद्ध केले आहे, पण जिल्ह्यातल्या माणसांनी केलेल्या नोंदी त्याच्या टेबलावर पोहोचल्या नाहीत तर तो पोलिसाच्या, चरित्रकाराच्या किंवा वार्ताहराच्या नोंदीवरच अवलंबून राहणार. म्हणून पटकथाकारांनी बी. रघुनाथ आणि लोमटे वाचावेत, मानवत खटल्याचे निकालपत्र मुळातून पाहावे, आणि परभणीच्या महाविद्यालयांनी व ग्रंथालयांनी जुन्या स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली जतन करून, तसेच गोंधळ्यांची आख्याने व मुक्तिलढ्याचा काळ पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून अभ्यासकांना खुल्या कराव्यात. त्या पिढीतील फार थोडी माणसे आता हयात आहेत आणि हे काम पुढे ढकलण्याला अवधी उरलेला नाही.